पाण्यावर पडून राहायचं

एप्रिल लागला की आमच्या तरणतलावाचं जुनं पाणी सोडून देतात, फरश्या घासतात, शिडीला चंदेरी रंग मारतात, आणि मग अख्खी अमरावती आपापलं लेकरू हाताला धरून फाटकाशी उभी राहते. मी शाळेतून निवृत्त झालेली खेळाची बाई. आयुष्यभर कवायतीच्या शिट्ट्या फुंकून आणि पोरांवर ओरडून माझा आवाज फाटलेला आहे, तरी उन्हाळी वर्गाला तलाववाले अजून मलाच बोलावतात, कारण लहान मुलं माझ्याकडे रडत नाहीत. म्हणजे रडतात, पण मी लक्ष देत नाही, त्यामुळे लवकर थांबतात. आयांच्या सूचना सुरू असतात. "मॅडम, याला सर्दी फार होते, डोकं भिजू देऊ नका." "मॅडम, हिला महिन्याभरात स्पर्धेत उतरवायचंय." डोकं न भिजवता पोहायला शिकवण्याची विद्या मला अजून साधलेली नाही, असं मी एकदा म्हटलं तर त्या बाईंना चांगलाच राग आला होता.

खरा राग मात्र पुढं निघतो. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी हात मारायला शिकवतच नाही. पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवते. नुसतं पडायचं. कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, पोट वर, छातीत हवा, हातपाय सैल. शेजारच्या वर्गातली पोरं पाय आपटून पाणी उडवत असतात आणि माझी पोरं ओळीनं निवांत पडलेली. मागच्या वर्षी एक वडील कठड्यावरून वाकून म्हणाले, "मॅडम, पडून राहायला तर हा घरीसुद्धा एक नंबर आहे." सगळे हसले, मीही हसले. त्यांना काय सांगणार? ऊन तापायला लागलं की माझं घरात मन लागत नाही, आणि पोरं पाण्यात असतात तेवढा वेळच मला जरा बरं वाटतं.

पडून राहणं दिसतं तितकं सोपं नाही. बाकीचं सगळं अंग पोर सोडून देतं, पण मान सोडत नाही. मान उचलली की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय जातात, आणि मग पोर थेट माझ्या गळ्यात. मी एक तळवा मानेखाली धरते, एक कमरेखाली, आणि गप्प उभी राहते. मग एकदम, कसलीही सूचना न देता, ते पोर हलकं होतं. हाताला कळतं. त्याच्या चेहऱ्यावर मोठं नवल असतं, कारण बाहेरचा गलका बंद होऊन त्याला स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू येत असतो. मला हे ठाऊक आहे, कारण लहानपणी गावच्या विहिरीत मी ते आपलं आपणच शोधून काढलं होतं आणि त्याबद्दल भरपूर मार खाल्ला होता.

गाव अचलपूरकडचं. काळी जमीन, संत्र्याचे बगीचे, आणि आमच्या शेतात दगडानं बांधलेली रुंद विहीर. शाळांना सुट्ट्या लागल्या की गावातली सगळी पोट्टी तिथं. पाठीला तेलाचा रिकामा, तोंड पक्कं बंद केलेला डबा दोरीनं बांधायचा आणि द्यायचं ढकलून. डबा बुडू द्यायचा नाही आणि काठावरचे मोठे वर येऊ द्यायचे नाहीत. चार-आठ दिवसांत पोट्टं कसंबसं हात मारायला लागायचं. मग मोठ्या डब्याच्या जागी लहान डबा, मग तोही सुटायचा. दगडांच्या कपारींत बोटं घालून वर चढायचं, गुडघे पोटाशी आवळून मुटका मारायचा, पुन्हा चढायचं. फ्रॉक घालून उड्या टाकणाऱ्या मुलींनाही एका वयापर्यंत कोणी अडवत नसे. त्या पाण्याला गार, हिरवा, थोडा लोखंडासारखा वास असायचा. तो आठवला की मला आमच्या तलावातल्या औषधाचा राग येतो.

एका दुपारी दमून मी तशीच पाठीवर पडले, आणि बुडाले नाही. वर आभाळाचा गोल तुकडा होता आणि त्यात एक घार फिरत होती. किती वेळ पडले कोण जाणे. माय भाकरी घेऊन शेतात आली होती, तिनं विहिरीत डोकावलं आणि जी किंकाळी फोडली ती मला पाण्यातूनसुद्धा ऐकू आली. वर आल्यावर तिनं मला बडवलं, मग पोटाशी धरलं, मग पुन्हा बडवलं.

"जित्या माणसानं असं पडावं का वं पाण्यात? मढं पडते तसं!"

संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. आमच्या गावाची समजूतच तशी होती. पाण्यात उताणं पडतं ते मढं, जितं माणूस हात मारतं. कोणी गंमत म्हणून जरी पाठीवर झालं तरी काठावरून ढेकूळ यायचं. त्यामुळे विहिरीच्या तळातून माती काढून दाखवणारे पट्टीचे पोहणारे आमच्याकडे होते, पण पाण्यावर स्वस्थ पडून राहणं एकालाही येत नव्हतं. त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं. पुढं मी खेळाचं शिक्षण घ्यायला अमरावतीला आले, तेव्हा तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी पाठीवर पडायला सांगितलं. सगळ्या वर्गात ते मला एकटीला आलं आणि मी तोंड लपवून उभी राहिले.

वसंता माझा धाकटा भाऊ. शेत त्यानं सांभाळलं आणि विहिरीवरची पोरंही त्यानंच सांभाळली. रुंद हातांचा, खदाखदा हसणारा माणूस. गावातल्या कितीतरी पोरांच्या पाठीचा डबा त्यानं बांधला आणि त्यानंच सोडला. मी अमरावतीहून गेले की त्याला सांगायची, अरे, यांना आधी पडायला शिकव. तो ऐकून घ्यायचा आणि हसायचा. "ताई, तुह्यं अमरावतीचं पोहणं म्हंजे खाटीवरचं पोहणं. आमच्या इकडे येकच शिक्षण. हात मार अन् काठ धर!"

त्याचा मुलगा सोहम. नीट बोलता यायच्या आधी पोहायला शिकला असं सगळं घर कौतुकानं सांगायचं. उंच, काटकुळा, पुढच्या दोन दातांत फट असलेला. सुट्टीत माझ्याकडे आला की तलावावर यायचा, कठड्यावर पाय सोडून बसायचा आणि माझ्या ओळीनं पडलेल्या पोरांकडे बघून विचारायचा, "आत्या, तुमचे पोट्टे मेले का जिते हायेत?" मी ओंजळीनं पाणी फेकायची. तो हसत हसत पळायचा, आणि त्याच्या ओल्या पावलांचे ठसे गरम फरशीवर बघता बघता वाळून जायचे. मला त्याची फार आठवण येते.

विहिरीचं पाणी खोल गेलं, तेव्हा बगीचा जगवायला वसंतानं शेततळं केलं. चारी बाजूंनी उताराचा मोठा खड्डा आणि पाणी मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत अंथरलेली प्लास्टिकची काळी जाड पन्नी. पावसाळ्यात भरून ठेवायचं, उन्हाळ्यात झाडांना द्यायचं. आम्हा सगळ्यांना ते तळं विहिरीपेक्षा बिनधोक वाटलं होतं. ती सरळ खाली जाणारी विहीर कुठं आणि हे उताराउतारानं खोल होत जाणारं पाणी कुठं! पाय टेकत आत जावं, पाय टेकत बाहेर यावं. पाण्याखाली पन्नीवर शेवाळ धरतं आणि मग त्या उतारावर पाय टेकत नाही, हात ठरत नाही, हे ध्यानातच आलं नाही. दगडी विहीर चढून येणाऱ्या माणसांना उतार चढता येणार नाही, असं सुचणार तरी कसं!

मे महिन्याची दुपार होती. बाप-लेक शेतात होते. वसंता जेवायला घरी गेला, सोहम मागून येतो म्हणाला. उकाड्यानं तळ्यात उतरला असेल. वसंता जेवून, जरा पाठ टेकून, पोरगा का आला नाही म्हणून परत शेतात गेला. त्यानं काय पाहिलं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते की एका बाजूच्या उतारावर, शेवाळात, बोटांचे लांब लांब ओरखडे होते. एका जागी नव्हते, ओळीनं पुढं पुढं सरकत गेले होते. म्हणजे तो हात मारत होता आणि काठ धरू पाहत होता. शिकवलं होतं तसंच करत होता, अगदी दमेपर्यंत. तो जर नुसता पडून राहिला असता तर, असं वाक्य आमच्या घरात प्रत्येकाच्या मनात होतं आणि कोणीही ते तोंडातून काढत नव्हतं.

वसंता रडला नाही. तेरवी झाल्यावर त्यानं पंप लावून तळ्यातलं सगळं पाणी बगिच्यात सोडलं, विळा घेतला आणि रिकाम्या खड्ड्यात उतरून पन्नी फाडत बसला. त्याला कोणी अडवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी झाडं वाळली, तीही तो नुसता बघत राहिला. गावात कोणाच्या पाठीला डबा बांधलेला दिसला की रस्ता बदलायचा. फोनवर मी बोलायची, तो "हो", "बरं" म्हणायचा. तो हसरा माणूस पुन्हा कधी भेटेल असं मला वाटत नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यात एका सकाळी सुनंदा, वसंताची बायको, परतवाड्याच्या एसटीनं माझ्या दारात आली. बरोबर ईश्वरी, सोहमची धाकटी बहीण, दोन वेण्या आणि शाळेचंच दप्तर घेऊन. सुनंदाचं माहेर अकोल्यातलं, जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या काठाजवळचं. पूर येईल म्हणून धान्याच्या कोठ्या उंचावर ठेवणारं ते घर. तिला पाण्याची मुळातच धास्ती. लग्न होऊन आली तेव्हा वसंता पोरांना विहिरीत ढकलायचा आणि ही पदरानं डोळे झाकून उभी राहायची. तिनं मुंगवड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ताई, इशूले पोहणं नका शिकवू. पाण्यावर पडून राहाले शिकवा."

"वसंताले सांगतलं का तू?"

"सांगतलं. ताटावरून उठून गेले. हो बी नाई म्हटलं अन् नाई बी नाई म्हटलं."

"अन् तुले भेव नाई वाटत?"

"लय वाटते, ताई. पण आता भेव राखून करू काय मी?"

पुढं ती हळूच म्हणाली, "त्याईले कधी दाखवजा नका. येक लेकरू त्याईनं तसं पाह्यलं हाय." मी मान हलवली. पोरगी शिकली पाहिजे आणि बापाला ती तशी दिसता कामा नये, एवढं दोघींचं ठरलं. एकाच घरात हे किती वर्षं निभणार होतं, याचा विचार तेव्हा मी केला नाही.

ईश्वरी धीट होती. नाकात पाणी गेलं तर शिंकून हसायची. मान मात्र सोडेना. सुनंदा रोज तलावाकडे पाठ करून बाकावर बसायची आणि हातातल्या रुमालाची घडी घालायची, मोडायची. आठवडा झाला, दुसरा आठवडा सुरू झाला, आणि एका सकाळी माझ्या तळव्यावर मान ठेवून, तलावाच्या उथळ बाजूवर असलेल्या शेडच्या पत्र्याकडे बघत ईश्वरीनं विचारलं, "आत्या, दादा असाच पडला होता का?"

मी तळवा तिच्या मानेखाली आणखी घट्ट धरला. तिला ते नक्की कळलं असणार.

"मले कोणं पाहूच नाई देल्लं," ती म्हणाली.

"दादा थकला होता, बेटा," मी म्हटलं. "तू थकाच्या आधीच पडून राह्यजो. अन् पडली की तोंड बंद ठेवू नको, बोलत राह्य. तू बोलत असली की मले समजते."

"काय बोलू?"

"काहीबी. तुह्या मनात येईन ते."

ती बोलायला लागली. शेजारच्या मुलीशी झालेलं भांडण, मास्तरांची चप्पल, आईनं लपवून ठेवलेले लाडू. बोलता बोलता मानेतला ताठा कधी गेला ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि माझे तळवे रिकामे झाले. मी मागे सरकले. ती पडून होती आणि लाडवांबद्दल सांगत होती. मी पाण्यात उभी राहून रडले, आणि पाण्यात तोंड धुवून घेतलं.

तेव्हापासून माझ्या वर्गातली सगळी पोरं पाठीवर पडून बोलतात. कोणी पाढे म्हणतं, कोणी जाहिराती, कोणी घरातली भांडणं जशीच्या तशी ऐकवतं. आयांची फार पंचाईत होते. लोक मोबाईलवर शूटिंग करतात, हसतात. हसोत बापडे. ईश्वरी आता अकोल्याला मामाकडे राहून कॉलेज करते. परवा तिचा फोन आला, "आत्या, बॅच सुरू झाली का?" झाली म्हटलं. पोरं पडून काय काय बोलतात, तेही तिनं विचारून घेतलं. प्रत्येक एप्रिलला आमचं असंच होतं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटाकडची ती सकाळ तिलाही आठवत असणार, फक्त तिला ती अर्धीच ठाऊक आहे. वर्ग सुटला होता, पोरं घरी गेली होती. शेडच्या सावलीत ईश्वरी एकटी पाण्यावर पडून होती. सुनंदा बाकावर, पाठ वळवून. आणि फाटकातून वसंता आत आला. गळ्यात दुपट्टा, हातात कापडी पिशवी, मायलेकींना न्यायला, न कळवता पहिल्या गाडीनं निघालेला. मी पुढं व्हायच्या आत त्याची नजर पाण्याकडे गेली.

त्याच्या तोंडाचा रंग उडाला. पिशवी हातातून सुटली. तो धावत सुटणार तेवढ्यात त्याला ऐकू आलं. "...अन् मांजरीनं पिल्ले देल्ले, येक कबरं हाय, ते मीच ठेवणार हाय, आई नाई म्हणन तरीबी..." वसंता जागच्या जागी थांबला. त्यानं कठड्याची नळी धरली आणि तसाच खाली बसला. ईश्वरीचे कान पाण्यात होते, डोळे पत्र्याकडे. तिला आमचा पत्ताच नव्हता.

कितीतरी वेळानं तो म्हणाला, "ताई, किती वेळ पडू शकते हे?"

"पायजे तितका."

"तासभर?"

"पडन."

तो पाण्याकडेच बघत होता. "म्या जेवण केलं अन् जराक आंग टाकलं. तासभरच झाला असन, ताई. जास्त नाई." त्यानं कठड्याची नळी पुन्हा धरली. "तासभर पडला असता तं मी आलो असतो."

सुनंदा वळली. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं तलावाकडे तोंड केलं. मी ईश्वरीला हाक मारायला उठले, तर वसंतानं माझा हात धरला. "उठवू नको तिले. पडू दे."

मग मला कळलं तो काय करतोय ते. मी रखवालदाराला फाटक लावून घ्यायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसले. ऊन फरशीवर सरकत आलं, आमच्या पायांपर्यंत पोचलं. ईश्वरी बोलत होती. मांजर झालं, मैत्रिणी झाल्या, गॅदरिंगचा नाच झाला, पाढे झाले. आणि एकदम ती गप्प झाली. वसंता ताडकन उठला. मी शिडीच्या नळीवर शिट्टी आपटली, तो ठणका पाण्यातल्या कानांनाही ऐकू जातो.

"विचार करून राहिली ना, आत्या!" ती वैतागून म्हणाली. "सगळं बोलून झालं माह्यं."

तो पुन्हा बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. तेरवीपासून साठलेलं सगळं तिथं, भर उन्हात, आवाज न करता वाहून जात होतं. सुनंदा त्याच्या पलीकडे येऊन बसली. त्या दुपारी जितका वेळ तो घरी होता तितका वेळ तो तिथं बसला, आणि तेवढा वेळ त्याचं लेकरू पाण्यावर तरंगत राहिलं.

मग तो उठला. चप्पल काढली, दुपट्टा सुनंदाच्या हातात दिला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी शिडी उतरला. छातीएवढ्या पाण्यातून चालत गेला आणि दोन्ही हात त्यानं ईश्वरीच्या पाठीखाली घातले. तिनं डोळे वर केले, तिला बापाचं उलटं तोंड दिसलं.

"बाबा! तुमी कधी आले?"

"आत्ताच आलो, बेटा," वसंता म्हणाला. "हे काय, आलो ना मी. आलो."

तिला पोटाशी धरून तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि ईश्वरीला कळेना की बाबा एवढंसं तिला इतक्या वेळा का सांगतायत.